विठोबाच्या पाठीमागे

सासूबाईंच्या विठोबाची तसबीर नौपाड्यातल्या एका फ्रेमवाल्याकडे टाकली होती. काच तडकलेली, मागचा पुठ्ठा पावसापावसाने फुगून सुटलेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, पुठ्ठ्याच्या आतून एक जुना कागद निघालाय. नकाशाबिकाशा दिसतो. टाकून देऊ?"

तीस वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवलेल्या बाईला विचारायचा प्रश्न आहे का हा? "हात लावू नका त्याला," एवढं म्हणून मी चपला पायात सरकवल्या.

पूर्वीचे फ्रेमवाले पाठीला भर म्हणून हाताला लागेल तो जाड कागद घालत. जुनी कॅलेंडरं, उरलेल्या लग्नपत्रिका, काहीही. या तसबिरीला कुणीतरी नकाशा घातला होता. मापात बसावा म्हणून खालचा समास कात्रीने सरळ उडवलेला, डावीकडची वीतभर पट्टी आत दुमडलेली, घडीवर कसर लागलेली. दुकानाच्या काउंटरवर तो पसरला तेव्हा आधी दिसल्या त्या तपकिरी रेषा. विंचरून गळलेल्या केसांचा गुंता असावा तशा, एकमेकींना चिकटलेल्या. उजव्या अंगाला मात्र त्या एकाएकी विरळ होत होत्या, आणि अगदी कडेला निळ्या रेघेतला एक तलाव होता. अर्धाच. उरलेला अर्धा कागदाच्या बाहेर.

वर्गात मी पहिल्याच तासाला सांगायचे, नकाशा हातात आला की आधी सूची वाचा, प्रमाण वाचा, साल वाचा, मग नकाशाकडे बघा. इथे सूची, प्रमाण आणि साल हे तिन्ही कात्रीत गेलं होतं. वरच्या उजव्या कोपऱ्यातला क्रमांक तेवढा शाबूत होता: एनआय ४३-१२.

ज्याला हे आकडे कळतात त्याला तेवढं पुरतं. जर्मन भूगोलतज्ज्ञ आल्ब्रेख्त पेंक याने १८९१ साली बर्नच्या परिषदेत मांडलं होतं की सगळ्या जगाचा एकाच प्रमाणाचा, एकाच पद्धतीचा नकाशा करावा. तो नकाशा कधी पुरा झाला नाही, पण त्याची क्रमांक लावायची रीत टिकली. विषुववृत्तापासून वर दर चार अंशांना एक अक्षर, आणि पृथ्वीभोवती दर सहा अंशांना एक आकडा. 'एन' म्हणजे उत्तर गोलार्ध, 'आय' म्हणजे ३२ ते ३६ उत्तर अक्षांश. ४३ म्हणजे ७२ ते ७८ पूर्व रेखांश. त्याचे सोळा तुकडे, त्यातला बारावा. काउंटरवरच बोटांनी हिशेब केला: उत्तरेला ३४, पूर्वेला ७८. म्हणजे लडाख. लेहच्या खालचा भाग, झांस्कर, आणि उजव्या कडेला रुपशूचं पठार.

आणि ठाणं? ठाणं एनई ४३-१ मध्ये. अक्षरं वेगळी, आकडा तोच. सहा अंशांच्या एकाच उभ्या पट्टीत खाली आम्ही आणि पंधरा अंश वर ते. फ्रेमवाल्याला हे सांगायचा मोह मी आवरला. त्याच्याकडे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने आपल्या भागाचे अडीच लाखांच्या प्रमाणावरचे नकाशे काढले होते, त्या मालिकेतला हा एक. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. अमेरिकनांनी ते बरेचसे आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवरूनच रचले. त्यातला एक ठाण्यातल्या विठोबाच्या पाठीशी कसा येऊन बसला? रद्दीचा प्रवास आणि देवाची करणी, दोन्ही विचारू नयेत.

घरी आणून जेवणाच्या टेबलावर तो वह्यांच्या वजनाखाली चार दिवस सपाट केला. सासूबाई येता-जाता विचारायच्या, "विठोबा कधी येणार?" आणि मी म्हणायचे, "काच कापून यायचीय." खरं म्हणजे काच केव्हाच कापून झाली होती.

गंमत बघा. हा कागद ज्या मुलखाचा, त्या लेहला वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या इथे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर मोजला गेला. म्हणजे लेहच्या नऊ वर्षांचा पाऊस आम्ही चोवीस तासांत झेलला, आणि त्याच आमच्या ओलीने वाळवंटाचा नकाशा कुजवला. झांस्करमधल्या पदुम गावाच्या खाली कसरीने एक नवा तलाव खोदून ठेवलाय, चांगला अंगठ्याएवढा. प्रमाणाने पाहिलं तर त्यात अर्धं ठाणं बुडेल.

मी नकाशा वाचायला बसले की गावं वाचते. इथे गावं सिंधूच्या आणि झांस्करच्या काठाने, ओढ्याच्या मुखाशी. हेमिस, उपशी. तिथून दक्षिणेला चढत गेलं की नावं राहतात ती खिंडींची, कुरणांची, मुक्कामांची. तगलांग ला ही खिंड ओलांडली की घर म्हणून काही नाही. तुटक रेघेची पायवाट तेवढी खाली उतरत जाते. आज तिथून मनाली-लेह रस्ता जातो, ट्रक जातात, आपली पोरं बुलेटवर जातात. सर्वसामान्य वाहनांना तो रस्ता १९८९ मध्ये खुला झाला. नकाशात त्याचा मागमूस नाही. साल कापलं गेलं तरी नकाशा आपलं वय असं लपवू शकत नाही.

आणि तो अर्धा तलाव. त्सो कर. त्सो म्हणजे तलाव, कर म्हणजे पांढरा. ७८ रेखांश नेमका त्याच्या अंगावरून जातो, म्हणून एक तुकडा या कागदावर आणि दुसरा शेजारच्या कागदावर. टोपोशीट, म्हणजे असे तुकड्यातुकड्यांचे नकाशे, हाताळणाऱ्या कुणालाही विचारा, आपल्याला हवी ती जागा कायम कडेवर असते. आपल्या सर्व्हेच्या नकाशात ठाणं ४७ ए/१६ वर आहे आणि नेरूळ ४७ ई/४ वर, कारण ७३ रेखांश वाशीच्या आसपासून खाली उतरतो. नवी मुंबईचं एक साधं चित्र मुलांना दाखवायचं तर मला दोन कागद चिकटपट्टीने जोडावे लागायचे, आणि जोड नेमका खाडीकाठी यायचा.

त्या जोडावर एक मुलगा नेहमी बोट ठेवायचा. आता त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

चेंदणी कोळीवाड्यातला होता. मागच्या बाकावर बसायचा, प्रॅक्टिकलची जर्नल कधी वेळेत दिली नाही. समोच्च रेषांचा तास होता. मी दरवर्षीप्रमाणे बटाटा नेला होता. अर्धा कापलेला बटाटा बशीत पालथा ठेवायचा, बशी काचेच्या भांड्यात, पट्टीने मोजून एक-एक सेंटिमीटर पाणी ओतायचं आणि दर वेळी पाण्याच्या कडेने बटाट्यावर रेघ ओढायची. मग वरून बघायचं. झाला डोंगराचा नकाशा. मुलांना हा प्रयोग आवडायचा, बहुतेक बटाट्यामुळे.

तर या मुलाने विचारलं, "बाई, ह्या रेषा तिथे डोंगरावर गेल्यावर दिसतात का?"

वर्ग हसला. मीही हसले. "नाही रे. काल्पनिक असतात त्या. अक्षांश दिसतात का कधी जमिनीवर? तसंच."

"पण बाई, खाडीला दिसते की. भरतीची रेघ. सगळीकडे एकसारखी, पार कळव्यापर्यंत."

मी काय म्हणावं? "ती चिखलाची रेघ झाली. पुस्तकात व्याख्या बघ. समान उंचीची ठिकाणं जोडणारी काल्पनिक रेषा. काल्पनिक." आणि फळ्यावर तो शब्द अधोरेखित केला. पोरगं गप्प बसलं. पेपरात त्याने व्याख्या बरोबर लिहिली. 'काल्पनिक'सकट.

हे सगळं तेव्हा काही लक्षात राहण्यासारखं नव्हतं. वर्गात रोज असे दहा प्रश्न विझवावे लागतात, नाहीतर पोर्शन पुरा होत नाही.

अर्धा तलाव पाहिला की उरलेला अर्धा बघावासा वाटतो, एवढंच कारण घेऊन मी लडाखला गेले. घरात कुणाला हे कारण पटेना, म्हणून "शांतता हवीय" असं सांगितलं. ते लगेच पटलं. सोबतीला भाची होती. ती ऐरोलीला संगणकाच्या नोकरीत, रजा उरल्या होत्या. सप्टेंबर महिना. लेहला दोन दिवस नुसतं पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी उपशीवरून वर. नकाशाची रंगीत झेरॉक्स माझ्या मांडीवर. तगलांग लाच्या पाटीवर १७,५८२ फूट लिहिलंय. तिथे भाचीने फोटो काढले आणि मी डोकं धरून गाडीत बसले. माणसाने आपल्या वयाचं भान ठेवावं हे खरं, पण ते खाली उतरल्यावर.

डेब्रिंगला डांबरी रस्ता सोडला. मग एवढं मोठं सपाट, की नकाशात रेषा का विरळ होतात हे डोळ्यांना आपोआप कळलं. दूरवर रानगाढवांचा कळप, कियांग म्हणतात तिथे. आणि मग तलाव. निळा कमी, पांढरा जास्त. काठाला मिठाचा थर, त्यापलीकडे पाणी, त्यापलीकडे डोंगर. या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. येतं ते इथेच आटतं आणि मीठ ठेवून जातं. मेंढ्या-बकऱ्या राखणारे चांगपा लोक पूर्वी हे मीठ गोळा करून व्यापाराला नेत. मी राहते ठाणे पूर्वेला, मीठबंदर रोडच्या जवळ. मीठ बघायला एवढ्या लांब आले, असं म्हणून मीच मला हसले.

भाची म्हणाली, "मावशी, त्या डोंगराला कुणी कंगवा फिरवलाय का गं?"

समोरच्या उतारावर आडव्या रेघा होत्या. एकाखाली एक, पुष्कळ. डोंगराचं वळण जिथे आत गेलं तिथे रेघही आत, बाहेर आलं तिथे बाहेर. कुठेही वर नाही, कुठेही खाली नाही. मला आधी वाटलं बकऱ्यांच्या वाटा असतील. पण बकऱ्या इतक्या शिस्तीच्या नसतात. ओंजळीएवढा तलाव समोर, आणि रेघा त्याच्या कितीतरी वर, तळहातावरच्या मापाने पार कपाळापर्यंत.

पाण्याच्या खुणा होत्या त्या. कधीकाळी हा तलाव फार मोठा होता. आटत आटत उतरला, आणि उतरताना जिथे जिथे थांबला तिथे लाटांनी डोंगर कुरतडून काठ कोरला. फ्रेडरिक ड्रू नावाचा भूशास्त्रज्ञ जम्मू-काश्मीरच्या महाराजांच्या चाकरीत होता, पुढे लडाखचा गव्हर्नर झाला. त्याने १८७५ च्या आपल्या पुस्तकात रुपशूतल्या या जुन्या पाण्याची दखल घेतली आहे. मी तीस वर्षं बटाट्यावर जे करून दाखवलं ते इथे कुणीतरी उलट्या बाजूने, पाणी काढून घेत घेत केलं होतं. पट्टी नव्हती, पेन्सिल नव्हती. रेघा मात्र अस्सल समोच्च.

आणि चेंदणीचा मुलगा आठवला. नाव, बाक, पांढरा पडलेला निळा शर्ट, सगळं.

लाज वाटली म्हणू की काय म्हणू, कळत नाही. बटाटा, पाणी, भांडं सगळं माझ्याच टेबलावर होतं, आणि पाण्याचं नाव काढणाऱ्या एकट्या मुलाला मी गप्प केलं. पुढे घरी येऊन वाचलं तर आणखी वरमले. असल्या रेषा मुळात डोंगरासाठी निघाल्याच नाहीत. निकोलास क्रुकिउस हा डच सर्वेक्षक, त्याने १७३० च्या सुमारास मेर्वेदे नदीच्या तळाचा नकाशा केला, त्यात सारख्या खोलीच्या जागा रेषांनी जोडल्या. डोंगराला हीच युक्ती पुढे चार्ल्स हटनने लावली, स्कॉटलंडच्या शिहॅलियन पर्वताच्या मापनात, तेही १७७४ च्या मोजणीवरून. म्हणजे नाव डोंगराचं झालं, पण रेघ पाण्याची. डच लोक समुद्राशी भांडत जमीन मिळवणारे, खाजणाला बांध घालून पाणी सोडायची उघाडी बसवणारे. त्यांना पाण्याची पातळी सुचली यात नवल नाही. आमच्या कोळीवाड्यालाही ती सुचली होती.

तलावाकाठी एका तंबूत चहा मिळाला. पाणी खळखळ उकळत होतं तरी चहा कोमटच लागला. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यापुढे ते तापायलाच तयार नसतं. आपल्याकडे डाळ शिजत नाही म्हणून कुकर काढतो. जुन्या सर्वेक्षकांनी यातूनच डोंगराची उंची काढली. उकळत्या पाण्यात थर्मामीटर घालायचा, जेवढा पारा खाली तेवढे आपण वर. नैनसिंह रावत याच युक्तीने उंच्या टिपत गेला. कुमाऊँतल्या जोहार खोऱ्यातल्या मिलामचा, पेशाने शाळामास्तर. म्हणूनच पंडित म्हणायचे त्याला. सर्व्हेवाल्यांनी त्याला डेहराडूनला तालीम दिली, दर पाऊल सारख्या लांबीचं टाकायला शिकवलं, १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ दिली. शंभर पावलांना एक मणी. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवायची. जुलै १८७४ मध्ये लेहहून निघून चांगथांगचं पठार आडवं कापत तो ल्हासाला पोचला, तिथून पुढच्या वर्षी आसामात उतरला. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. मला त्या चहाच्या ग्लासाशी बसून सारखं वाटत होतं, या मास्तरांच्या वर्गात कुणी विचारलं असतं, "रेषा दिसतात का?" तर ते काय म्हणाले असते? त्यांनी बहुतेक माळ बाजूला ठेवली असती आणि "चल, बघून येऊ" म्हटलं असतं. पण हे माझं मन मला टोचायला रचतंय, हेही मला कळतं.

परत आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. साडेचार हजार मीटर, पण कुठपासून? समुद्रसपाटीपासून, हे उत्तर पाचवीच्या मुलालाही येतं. समुद्र तर दिवसातून दोनदा वर-खाली होतो. मग कुठली सपाटी? त्यासाठी बंदराबंदरात भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, त्यांची सरासरी काढली आणि तिथून पातळी मोजत मोजत देशभर नेली. १९०९ मध्ये हे जाळं पक्कं केलं तेव्हा अशी नऊ बंदरं धरली होती. कराची होतं, कारवार होतं, मद्रास होतं, आणि मुंबईचं अपोलो बंदर होतं. म्हणजे देशातल्या डोंगरांच्या उंचीत थोडी आमच्या बंदराची भरती मिसळलेली आहे. चेंदणीच्या मुलाने कळव्यापर्यंत म्हटलं होतं. त्याची रेघ त्याच्या अंदाजापेक्षा बरीच लांब गेली.

एका रविवारी ओहोटी बघून मीठबंदराच्या बाजूला गेले. तिवरांच्या बुंध्यांना, धक्क्याच्या दगडांना, पुलाच्या खांबांना एकाच पातळीवर चिखलाची कड. वर करडं, खाली काळं. उधाणाची रेघ वर, भांगाच्या भरतीची तिच्या खाली. इतकी वर्षं इथे राहून मी ती घाण म्हणून पाहिली होती. पलीकडे फ्लेमिंगो आले नव्हते अजून, त्यांचा मोसम पुढे. त्सो करला काळ्या मानेचे क्रौंच, इथे फ्लेमिंगो. त्सो कर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये.

त्या मुलाचा नंबर बॅचच्या ग्रुपवरून मिळाला. आता चाळिशी ओलांडलेला, बोटीवर काम करतो. त्याला डोंगरावरच्या रेघांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दिसतात. तुझं बरोबर होतं. बाई." पाठवल्यावर वाटलं, त्याला कशाला आठवत असेल. रात्री अकराला उत्तर आलं.

"बाई हे कुठलं आहे? भरती लई मोठी असनार."

त्याला काय उत्तर द्यावं यावर मी अजून विचार करतेय. सुरुवात केली होती, "ही भरती नाही रे," आणि मग खोडून टाकलं.

नकाशाचं म्हणाल तर फ्रेमवाल्याशी बरीच चर्चा झाली. तो म्हणाला, वेगळी फ्रेम करून देतो, हॉलमध्ये लावा, लोक विचारतील. सासूबाईंनी आडवा हात घातला. इतकी वर्षं जे विठोबाच्या पाठीशी होतं ते तिथेच राहू दे, मधूनच हलवू नये, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दोन्ही बाजूंना काच घालून घेतली. पुढून विठोबा, मागून रुपशू. आता तलाव बघायचा म्हटला की देवाला खिळ्यावरून उतरवावं लागतं, आणि मी खुर्ची सरकवली की आतल्या खोलीतून आवाज येतो, "आता काय बघायचं राहिलंय त्यात?"